ब्रँच बदलून रेसिडन्सीला अप्लाय करताय? जुनी अचिव्हमेंट्स कशी दाखवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं अमेरिकेतल्या रेसिडन्सी मॅचबद्दल आहे, म्हणजे बहुतेक ब्रँचेससाठी इरास या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज आणि मग एनआरएमपी या संस्थेचा मॅच, जिथे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमांवरून सीट ठरते. आधी एका ब्रँचमध्ये एमडी-एमएस केलंय किंवा तिथेच रेसिडन्सी अर्धी झालीये आणि आता दुसऱ्या ब्रँचमध्ये जायचंय, अशा लोकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकत्र लिहून टाकतोय.

जुन्या ब्रँचचं सगळं काढूनच टाकलं तर? प्रश्नच नको कोणाचे.

नाही चालणार. यात दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. ट्रेनिंग, म्हणजे कुठलीही रेसिडन्सी, पूर्ण असो वा अर्धवट सोडलेली, ती लिहावीच लागते. अर्ज सबमिट करताना तुम्ही सर्टिफाय करता की माहिती पूर्ण आणि खरी आहे, आणि काही लपवलं असं निघालं तर इरास चालवणारं एएएमसी चौकशी करू शकतं, एनआरएमपीकडे व्हायोलेशनची केस जाऊ शकते, मॅच झालेली सीटसुद्धा धोक्यात येते. शिवाय तीन वर्षं तुम्ही कुठे होतात हा खड्डा अर्जात तसाच दिसणार, आणि पीडी (प्रोग्रॅम डायरेक्टर) लोक खड्डा बघून चांगलं काही इमॅजिन करत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या ट्रेनिंगमधली कामं, प्रोजेक्ट, बक्षिसं. यातलं काय पुढे आणायचं आणि काय मागे ठेवायचं हे पूर्ण तुमच्या हातात. तिथे निवड करणं म्हणजे लपवणं नव्हे.

मग जुनं किती आणि नवं किती?

टक्केवारी कोणी सांगत असेल तर ऐकू नका. माझं म्हणणं एवढंच की जुनं यश तुम्ही काम कसं करता ते दाखवतं, पण नव्या ब्रँचमध्ये का यायचंय ते दाखवत नाही. सर्जरीतलं गोल्ड मेडल बघून सायकियाट्रीच्या पीडीला एवढंच कळतं की हा माणूस मेहनती आहे. तो सायकियाट्रीत टिकेल का हे त्याला त्यातून कळत नाही, उलट शंका येते की एवढं छान चाललं होतं तर सोडलं का. त्या शंकेचं उत्तर नवीन पुराव्यातून द्यावं लागतं, नव्या ब्रँचमधली रोटेशन्स, तिथल्या लोकांची लेटर्स, एखादा चालू प्रोजेक्ट. हे नवीन काहीच नसेल आणि जुनं कितीही भारी असेल तरी अर्ज लंगडा पडतो. नवीन थोडंच आहे पण खरं आहे आणि जुनं नीट जोडलंय, तर बऱ्यापैकी उभा राहतो.

इरासमध्ये एक्सपिरियन्स किती टाकता येतात?

जास्तीत जास्त १०. प्रत्येकाच्या वर्णनाला ७५० कॅरेक्टर्स, स्पेससकट. त्यातले ३ पर्यंत मोस्ट मीनिंगफुल म्हणून निवडता येतात आणि त्यांना वर आणखी ३०० कॅरेक्टर्स मिळतात. पूर्वी कितीही टाकता यायचे, त्यामुळे जुन्या सीनिअरचा अर्ज समोर ठेवून भरत असाल तर जरा सांभाळून.

पब्लिकेशन्स या १० मध्ये येत नाहीत, त्यांची जागा वेगळी. ऑनर्स-अवॉर्ड्स पण वेगळे. म्हणजे मेडल मिळालं म्हणून एक एक्सपिरियन्सची जागा खर्च करायची गरज नाही, लोक तेच करतात आणि मग नव्या ब्रँचच्या रोटेशनला जागा उरत नाही.

माझं एमएस ऑर्थो झालंय, आता इंटर्नल मेडिसीनला अप्लाय करतोय. तीन वर्षं रजिस्ट्रार होतो, त्याचं वर्णन कसं लिहू?

आधी "रजिस्ट्रार", "जेआर टू", "लेक्चरर" हे शब्द तिकडे कोणाला कळत नाहीत, सरळ ऑर्थोपेडिक्स रेसिडेंट, तीन वर्षांचा पोस्टग्रॅज्युएट प्रोग्रॅम असं लिहा. आता वर्णन. बहुतेकांचा पहिला ड्राफ्ट असा असतो (अर्ज इंग्रजीत असणार, इथे मराठीत देतोय):

"ओपीडी, वॉर्ड आणि इमर्जन्सी ड्यूटी केली. अनेक मोठ्या सर्जरींमध्ये असिस्ट केलं. टीमवर्क, लीडरशिप आणि प्रेशरखाली काम करणं शिकलो."

यात खोटं काही नाही, पण हे कोणाचंही असू शकतं. आता त्याच तीन वर्षांचं हे बघा:

"ट्रॉमा वॉर्डात हिप फ्रॅक्चरचे वयस्कर पेशंट रोज असायचे, बहुतेकांना डायबिटीस, हार्ट किंवा किडनीचा त्रास. ऑपरेशनआधी त्यांची शुगर, बीपी, ब्लड थिनर यांचं प्लॅनिंग करून मेडिसीन टीमशी बोलणं माझ्याकडे होतं. ऑपरेशननंतर पेशंट बडबडायला लागला की डिलिरियमचं कारण शोधायचं, सोडियम, इन्फेक्शन, औषधं, लघवी अडकलीये का. ज्युनिअर्ससाठी प्री-ऑपची एका पानाची चेकलिस्ट केली, ती वॉर्डात वापरात आली."

काम तेच आहे. पण मेडिसीनच्या माणसाला यात त्याचा स्वतःचा दिवस दिसतो. तुम्ही जर ॲनेस्थेशियाला अप्लाय करत असाल तर याच तीन वर्षांतून दुसऱ्या ओळी निघतील, सर्व्हायकल स्पाइन इंज्युरीच्या पेशंटची एअरवे ठरवताना काय चर्चा व्हायची, पेल्व्हिक फ्रॅक्चरमध्ये ब्लड लॉस कसा सांभाळला, ब्लॉक दिलेला पेशंट आणि न दिलेला पेशंट रात्री वॉर्डात किती वेगळे असायचे. फॅमिली मेडिसीन असेल तर ओपीडीतली गुडघेदुखी, कंबरदुखी, फॉलोअप, घरच्यांशी बोलणं.

एकच अट, जे लिहाल ते तुम्ही खरंच केलेलं असावं. इंटरव्यूत कोणीतरी नक्की विचारणार की वॉरफेरिनवरचा पेशंट आला तर तुम्ही काय करायचात, आणि तिथे त त प प झालं की पूर्ण अर्जावरचा विश्वास जातो.

किती केसेस केल्या तो आकडा टाकू का?

सर्जिकल ब्रँचमधून सर्जिकल ब्रँचमध्येच जाताय तर टाका, लॉगबुकमध्ये आहे तेवढाच, आणि स्वतः केलेल्या आणि असिस्ट केलेल्या वेगळ्या लिहा. सर्जरीतून सायकियाट्रीत जाताय तर आकड्याचा काही उपयोग नाही, कॅरेक्टर्स वाया.

गोल्ड मेडल, युनिव्हर्सिटी रँक, नीट पीजीची रँक, हे त्यांना कळतं का?

नुसतं लिहिलं तर नाही. "ऑल इंडिया रँक ८००" वाचून तिकडचा माणूस म्हणेल, आठशे म्हणजे चांगलं की वाईट? एकूण किती जणांमधून ते पण द्या. नीट पीजीला दोन लाखांहून जास्त लोक बसतात हे लिहिलं की आठशेचा अर्थ बदलतो. मेडलचं पण तसंच, कशासाठी, कितीजणांमधून, कोणी दिलं. एका ओळीत बसतं. आणि हो, एक मेडल एकदाच लिहा, अवॉर्ड्समध्ये, मग एक्सपिरियन्समध्ये, मग पर्सनल स्टेटमेंटमध्ये असं तीनदा आलं की वाचणाऱ्याला वाटतं याच्याकडे दुसरं काही नाहीये.

माझे सगळे पेपर जुन्या ब्रँचचे आहेत. काढू का?

का काढायचे? पेपर पूर्ण करून छापून आणणं हे कुठल्याही ब्रँचमध्ये कष्टाचंच काम आहे, आणि पब्लिकेशन्सना दहाची मर्यादा नाहीये. सगळे टाका, ऑथर्सचा क्रम जसा आहे तसाच, स्टेटस खरं, सबमिटेड असेल तर सबमिटेड, ॲक्सेप्टेड असेल तर ॲक्सेप्टेड. अजून लिहितोय असला पेपर पब्लिकेशन म्हणून टाकू नका.

फरक पडतो तो बोलताना. पॅथॉलॉजीतून मेडिसीनला जाणाऱ्याने लिम्फोमाच्या पेपरबद्दल स्टेनिंगची पद्धत सांगत बसायचं नाही, तर त्या पेशंट्सचं पुढे काय झालं, डायग्नोसिसला उशीर कुठे झाला, ट्यूमर बोर्डात काय चर्चा झाली, हे सांगायचं. नव्या ब्रँचमध्ये एक छोटी केस रिपोर्ट किंवा पोस्टर झालं तर सोन्याहून पिवळं, पण घाईघाईत कुठल्यातरी पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये पाच पेपर काढायला जाऊ नका, तारखा बघून लगेच कळतं की सगळं एका सीझनमध्ये उगवलंय.

मोस्ट मीनिंगफुल तीनमध्ये जुनं एक तरी ठेवू का?

ठेवा. तिन्ही नवीन ठेवले की जुनी वर्षं झाकायचा प्रयत्न वाटतो, तिन्ही जुने ठेवले तर मग इकडे आलातच कशाला. एक जुनं असं निवडा की जिथून वळण सुरू झालं. त्या जादाच्या ३०० कॅरेक्टर्समध्ये काय केलं ते परत लिहू नका, ते ७५० मध्ये आलेलं असतं, इथे त्यातून तुमच्यात काय बदललं तेवढंच.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये ब्रँच बदलल्याचं किती लिहायचं?

एक परिच्छेद. इरासमध्ये जागा भरपूर असते पण वाचणारा एका पानावर थांबतो. खूप जण अर्धं पान जुनी ब्रँच का आवडली होती यात घालवतात, मग पाव पान ती का नकोशी झाली, आणि नव्या ब्रँचला शेवटच्या चार ओळी. उलटं करा.

आणि बदलाचं कारण जुन्या ब्रँचच्या तक्रारीतून सांगू नका. "सर्जरीत लाइफस्टाइल नव्हती", "पॅथॉलॉजीत पेशंट दिसत नव्हते" हे खरं असेल, पण वाचणाऱ्याच्या मनात येतं की उद्या आमच्याबद्दल पण हा असंच लिहील. नवीन कामात काय ओढतंय ते एखाद्या प्रसंगातून सांगा. गायनॅकमधून फॅमिली मेडिसीनला जाणारी डॉक्टर असं लिहू शकते की डिलिव्हरीनंतर तीच बाई सहा आठवड्यांनी आली, बीपी अजून वाढलेलंच, बाळाचं वजन नीट वाढत नव्हतं, सासूची शुगर पण तिनेच विचारली, आणि यातलं बरंचसं दुसऱ्या ओपीडीला पाठवावं लागलं. एवढ्यावरून कळतं. फॅमिली मेडिसीनमध्ये प्रेग्नन्सीची केअर ट्रेनिंगचा भागच आहे, त्यामुळे तिचं जुनं काम तर तिथे थेट उपयोगी.

लेटर्स जुन्या सरांची घेऊ की नव्या ब्रँचमधल्यांची?

एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ लेटर्स लावता येतात. मी म्हणेन निदान दोन, जमलं तर तीन, नव्या ब्रँचमधली, तुमच्याबरोबर प्रत्यक्ष काम केलेल्यांची. एक जुन्या ब्रँचमधलं पाहिजेच, आणि ते शक्यतो अशा माणसाचं की ज्याला तुमचं जाणं माहीत आहे आणि तो ते मोकळेपणाने लिहील, "हा गेला तर आमचं नुकसान आहे पण याचा निर्णय विचारपूर्वक आहे" अशा अर्थाचं एक वाक्य जुन्या हेडकडून आलं ना, की तुमच्या स्वतःच्या पानभर खुलाशापेक्षा त्याचं वजन जास्त.

इमर्जन्सी मेडिसीनला जाताय तर तिथे साध्या लेटरवर भागत नाही, एसएलओई नावाचं ठरावीक फॉरमॅटमधलं लेटर लागतं आणि ते इमर्जन्सीच्याच रोटेशनमधून येतं. म्हणजे आधी रोटेशनची सोय. बाकी लेटर बघायचा हक्क वेव्ह करा, म्हणजे सोडून द्या, वेव्ह न केलेल्या लेटरवर फार कोणी विश्वास ठेवत नाही.

मी आत्ता अमेरिकेतच रेसिडेंट आहे, पीजीवाय-१ (पहिलं वर्ष). पीडीला न सांगता अप्लाय करू का?

करू नका. एसीजीएमई, म्हणजे रेसिडन्सी प्रोग्रॅम्सना मान्यता देणारी संस्था, तिचा नियमच आहे की ट्रान्सफर होणाऱ्या रेसिडेंटच्या आधीच्या ट्रेनिंगचं व्हेरिफिकेशन नव्या प्रोग्रॅमने घ्यायचं, परफॉर्मन्सची माहिती आणि माइलस्टोन्स (ठरावीक टप्प्यांवरचं मूल्यमापन) सुद्धा. म्हणजे फोन जाणारच. तो फोन आला तेव्हा तुमच्या पीडीला पहिल्यांदा कळत असेल तर तो काय बोलेल याचा विचार करा. बोलायला जाताना इव्हॅल्युएशन्स चांगली आलेली असताना जा, आणि वर्ष नीट पूर्ण करेन हे आधी सांगा.

अशांसाठी पूर्ण केलेलं वर्ष हीच सगळ्यात मोठी अचिव्हमेंट असते आणि गंमत म्हणजे तीच लोक नीट लिहीत नाहीत. ॲनेस्थेशियाचं बघा, एक वर्ष क्लिनिकल बेस (पायाभूत क्लिनिकल ट्रेनिंग) आणि मग तीन वर्षं ॲनेस्थेशिया. सर्जरीचं इंटर्न वर्ष योग्य रोटेशन्ससकट पूर्ण झालं असेल तर ते बेस इयर म्हणून धरलं जाऊ शकतं. मॅचमध्ये आर पोझिशन्स असतात, त्या आधी ट्रेनिंग झालेल्या डॉक्टरांसाठीच असतात आणि त्याच वर्षी सुरू होतात. त्यामुळे वर्णनात कुठल्या महिन्यात कुठलं रोटेशन, आयसीयू किती, मेडिसीन किती, हे स्पष्ट लिहा. किती क्रेडिट मिळेल ते शेवटी नवा प्रोग्रॅम आणि त्या ब्रँचचं बोर्ड ठरवतं, तुम्ही "मला एक वर्ष सूट मिळणार" असं अर्जात लिहून टाकू नका.

फंडिंगचा प्रॉब्लेम येतो म्हणतात, ते काय असतं?

मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य विमा योजना, हॉस्पिटलला रेसिडेंटच्या ट्रेनिंगसाठी पैसे देते, आणि पूर्ण पैसे किती वर्षं मिळणार ते तुम्ही तिथे पहिल्यांदा ज्या ब्रँचला लागलात तिच्या लांबीवरून ठरतं, जास्तीत जास्त ५ वर्षं. नंतर ब्रँच बदलली तरी तो आकडा बदलत नाही. समजा इंटर्नल मेडिसीनला लागलात, तीन वर्षं. दोन वर्षांनी सोडून जनरल सर्जरीला पहिल्यापासून सुरू केलं, पाच वर्षं. तर सर्जरीचं पहिलं वर्ष पूर्ण धरलं जाईल आणि पुढच्या चार वर्षांत थेट खर्चाच्या पेमेंटमध्ये तुम्ही अर्धे मोजले जाल. अर्धेच, शून्य नाही, आणि दुसरं जे इनडायरेक्ट पेमेंट असतं ते यामुळे कमी होत नाही. भारतातलं एमडी-एमएस यात धरत नाहीत, हे इंटरव्यूत विचारलं गेलं तर शांतपणे सांगता यायला पाहिजे कारण कधीकधी विचारणाऱ्यालाच नक्की माहीत नसतं.

जे-१ व्हिसावर (एक्सचेंज व्हिजिटर व्हिसा) ब्रँच बदलता येते?

येते, पण एकदाच आणि सुरुवातीच्या दोन वर्षांच्या आत. एकूण मर्यादा साधारण सात वर्षं. तारखा आधी बघा, अचिव्हमेंट्स नंतर.

दोन ब्रँचना एकाच वेळी अप्लाय केलं तर?

करता येतं, आणि पर्सनल स्टेटमेंट आणि लेटर्स प्रोग्रॅमप्रमाणे वेगवेगळी लावता येतात. पण एक्सपिरियन्स आणि पब्लिकेशन्सची यादी सगळ्यांना एकच जाते, इथे लोक फसतात. सायकियाट्रीच्या पीडीला सांगायचं मला फक्त मेंदू आणि मन यांचंच काम आवडतं आणि यादीतल्या वर्णनात "म्हणून मला ॲनेस्थेशियात यायचंय" असं लिहिलेलं! दोन्हीकडे जाणार असाल तर वर्णनांमध्ये कुठल्याच ब्रँचचं नाव घेऊन वचन देऊ नका, काम सांगा, वचन स्टेटमेंटमध्ये.

एनआरएमपीच्या नियमाप्रमाणे तुम्ही आणखी कुठे, कुठल्या ब्रँचला अप्लाय केलंय हे प्रोग्रॅम विचारू शकत नाही. एकाच हॉस्पिटलच्या दोन डिपार्टमेंट्सना अर्ज टाकला तर मात्र नियम काहीही असो, माणसं एकमेकांशी बोलतात. सिग्नल्स (तुमच्याकडे यायची खास इच्छा आहे असं मोजक्या प्रोग्रॅम्सना अर्जातून कळवणं) आणि फी पण ब्रँचप्रमाणे वेगळी मोजतात, २०२५ च्या सीझनला इंटर्नल मेडिसीनला ३ गोल्ड आणि १२ सिल्व्हर होते, दरवर्षी नवीन आकडे बघून घ्या.

मी रेसिडन्सी सोडली नाही, मला काढलं / कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही. आता?

खरं लिहा आणि थोडक्यात लिहा. काय झालं, तुम्ही त्यावर काय केलं, आत्ता काय स्थिती आहे, बास. तारखा जुन्या प्रोग्रॅमच्या रेकॉर्डशी जुळल्या पाहिजेत. जुन्या पीडीकडून लेटर मिळणार नसेल तर तिथल्याच दुसऱ्या एखाद्या अटेंडिंगचं घ्या ज्याने तुमचं चांगलं काम बघितलंय. आजारपण, घरातली अडचण, पैशाची ओढाताण असं काही असेल तर इम्पॅक्टफुल एक्सपिरियन्सेस नावाचा ऐच्छिक रकाना असतो, पण तिथे मार्क वाईट का आले याची कैफियत मांडायची नसते, वाटेत खरोखरचे अडथळे आलेल्यांसाठी आहे तो.

मी कन्सल्टंट म्हणून काम केलंय. ओव्हरक्वालिफाइड वाटेन का?

वाटाल. भीती क्वालिफिकेशनची नसते, वयाने लहान सीनिअर रेसिडेंटने सांगितलेलं ऐकाल का याची असते. त्यामुळे पाच जणांची टीम चालवली हे एकदा लिहा आणि त्याच्या शेजारीच कुठेतरी तुम्ही अलीकडे शिकाऊ म्हणून केलेलं काम लिहा. ऑब्झर्व्हरशिपला (नुसतं बघणं) ऑब्झर्व्हरशिपच म्हणा बरं का, एक्स्टर्नशिप (पेशंटचं प्रत्यक्ष काम) नाही. लेटर देणाऱ्याला पण सांगून ठेवा की फीडबॅक कसा घेतला यावर एक ओळ टाका.

इंटरव्यूत "व्हाय डिड यू चेंज" आलं की काय?

येणारच, बहुतेक पहिलाच. मिनिटभरात संपवा. तिथे काय चांगलं केलं, कुठल्या कामाने इकडे ओढलं, ओढ खरी आहे का हे तपासायला काय केलं. हा तिसरा भाग बहुतेक जण विसरतात आणि समोरच्याला तोच ऐकायचा असतो, की सोडायच्या आधी सुट्टीत जाऊन नव्या ब्रँचच्या वॉर्डात उभा राहिला का, तिथल्या कंटाळवाण्या कामाची कल्पना आहे का. मग थांबा. गप्प बसता येत नाही म्हणून लोक पुढे बोलत राहतात आणि तिथेच जुन्या हेडची निंदा बाहेर पडते.

सबमिट केल्यावर नवीन पेपर ॲक्सेप्ट झाला, टाकता येईल?

अर्जात नाही, सर्टिफाय करून सबमिट केलं की कॉन्टॅक्टची वगैरे वैयक्तिक माहिती सोडून बाकी लॉक. लेटर्स आणि स्टेटमेंट नंतरही लावता येतात. पेपरची बातमी प्रोग्रॅमला दोन ओळींच्या ईमेलने कळवा, अपडेट्स नकोत असं त्यांनी वेबसाइटवर लिहिलं नसेल तर. नव्या ब्रँचचा पेपर असेल तर नक्की कळवा, जुन्या ब्रँचचा असेल तर इंटरव्यूसाठी ठेवा.